पिकअपच्या मागच्या पाट्यांना हवेच्या बलूनची जोड : प्रकल्प नोंदी

१३ एप्रिल २०२५, रबाळे एमआयडीसी

गाडी : एक टनी पिकअप, मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), मागे ड्रम ब्रेक, आरसीवर भरलेल्या गाडीचं वजन २,९५० किलो. आमचं काम सोसायट्यांचे पाण्याचे आणि फायरचे पंप उतरवणं, दुरुस्त करणं, परत बसवणं. बहुतेक गिऱ्हाईक घोडबंदर रोडच्या टॉवरांतलं. जाताना हौदा भरलेला आणि येताना रिकामा, नाहीतर उलटं. सारखं एकाच वजनावर चालणारी ही गाडी नाही. खालचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या.

तक्रार अशी : माल भरला की बूड टेकतं. रात्री ठाणे-बेलापूर रस्त्यावर समोरचे डिपर मारतात, कारण आपला लो बीम त्यांच्या डोळ्यांत जातो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या खड्ड्यात मागचा बंप स्टॉप (अ‍ॅक्सल चेसीवर आपटू नये म्हणून मध्ये असलेला रबरी ठोकळा) ठण्णकन लागतो. ड्रायव्हरचं म्हणणं, कळव्याच्या पुलावर वळताना स्टेअरिंग हलकं लागतं. उपाय म्हणून पाट्यांच्या मदतीला हवा भरायचे रबरी बलून बसवायचा विचार आहे.

आज सपाट फरशीवर मापं घेतली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, मागची बाजू : रिकामी ५२० मिमी, भरलेली ४३८ मिमी. म्हणजे ८२ मिमी बसते. टेप कायम चाकाच्या मध्यापासून लावायची. जमिनीपासून लावली तर टायरच्या हवेचा फरक मापात शिरतो.

हेडलाइटही तपासले. गाडी शटरपासून १० मीटरवर उभी करून बीमची वरची कड खडूने आखली. भरल्यावर कड जवळजवळ फूटभर वर गेली. हिशेबात बसतं : मागचं ८२ आणि पुढचं थोडं उचललेलं धरून तीन मीटरच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) साधारण २.९ टक्के चढ, म्हणजे दहा मीटरवर २९ सेंटिमीटर. डिपर मारणाऱ्यांची काही चूक नाही.

१६ एप्रिल

तुर्भ्याला वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी.

रिकामी (हत्यारांची पेटी, तिपाई आणि ड्रायव्हर धरून) : पुढे ९३०, मागे १,०९०, एकूण २,०२०.
भरलेली : पुढे ९००, मागे १,८३०, एकूण २,७३०.

७१० किलो माल टाकला आणि पुढचा अ‍ॅक्सल ३० किलोने हलका झाला. मालाचा भार मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे पडतोय, त्यामुळे गाडी तराजूसारखी पुढून उचलली जाते. स्टेअरिंग हलकं लागतं ते यामुळेच. एकूण वजन मर्यादेत आहे, २२० किलो शिल्लक. मागच्या टायरवर लोड इंडेक्स १०८, म्हणजे टायरला १,००० किलो, दोघांना २,०००. तेही बसतं.

हे आकडे हातात असल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. माल जास्त असता तर प्रकल्प इथेच बंद करून दोन फेऱ्या केल्या असत्या. ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. शिवाय ब्रेक, बेअरिंग, हाउसिंग यांना कायदा कळत नसला तरी वजन कळतं.

२० एप्रिल

मेस्त्रींचा सल्ला सरळ होता. "शेठ, एक पाटा वाढवा. अर्ध्या दिवसाचं काम. बलूनबिलून बसवाले करतात."

पाटा वाढवणं वाईट नाही. रोज तेवढाच माल वाहणाऱ्या गाडीला मी तेच करीन. पण वाढवलेला पाटा रिकाम्या गाडीतही तिथेच असतो. आमची निम्मी धाव रिकामी. तेव्हा मागची बाजू उड्या मारणार, खड्ड्यावर टायर रस्ता सोडणार, आणि रस्ता सोडलेल्या टायरला ब्रेक कसला लागणार. हवेचं बरं की लागेल तेवढी भरायची, नको तेव्हा सोडायची.

तसं बघितलं तर हवेच्या स्प्रिंगवर आपण रोज बसतो. व्होल्वोच्या बसखाली त्याच, मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या नव्या लोकलच्या डब्याखालीही त्याच. फरक एवढाच की तिथे लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो. माणसं चढली, डबा खाली बसला की व्हॉल्व्ह आपोआप हवा आत घेतो, माणसं उतरली की सोडतो. आमच्या किटमध्ये तसलं काही नाही. ते काम ड्रायव्हरने करायचं.

मेस्त्रींना पटलं नाही, पण "करून बघू" म्हणाले. एवढं पुरे.

बलूनच्या आधी मात्र फुकटातला उपाय. पंपसेट उतरवायला सोपा म्हणून फाळक्याशी ठेवायची सवय होती. हौद्यात दोन चॅनेल टाकून तो ३०० किलोचा पंपसेट केबिनच्या बाजूला मीटरभर पुढे सरकवला. काट्यावर पुढे १,०००, मागे १,७३०. मागची उंची ४३८ वरून ४४९. एक रुपयाची हवा न भरता शंभर किलो पुढच्या अ‍ॅक्सलवर आले. उतरवताना चॅनेलवरून ढकलत आणायला लागतो, म्हणून पोरं कुरकुरली. कुरकुरू देत.

२७ एप्रिल

किट आलं. दोन दुहेरी घडीचे रबरी बलून (बस गॅरेजमध्ये बलूनच म्हणतात, मीही तेच लिहितो), वरच्या-खालच्या प्लेटा, नायलॉनची हवेची नळी, दाबून बसवायचे फिटिंग, दोन व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह टायरला असतो तसाच, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

कागदावर कमीत कमी ५ पीएसआय (हवेचा दाब, चौरस इंचाला पौंड), जास्तीत जास्त १०० पीएसआय. वरच्या आकड्याशी आपलं काही काम नाही. खालचा मात्र पाळायचाच. बलून पूर्ण रिकामा ठेवला तर खड्ड्यात दाबला जाताना त्याची घडी प्लेटांच्या मध्ये चिमटते आणि रबर कापलं जातं.

किट निवडताना एका गोष्टीवर अडून बसलो होतो : बलूनच्या आत रबरी ठोकळा असलेलाच हवा. कारण बलून बंप स्टॉपच्या जागी बसतो आणि मूळ बंप स्टॉप काढावा लागतो. उद्या घाटात बलून फुटला तर अ‍ॅक्सल आणि चेसी यांच्यात रबराचं काहीतरी उरायला हवं. आतला ठोकळा नसलेली किटं स्वस्त आहेत.

कागदावरचा हिशेब : बलूनचा परिणामकारक व्यास पाच इंच धरला तर क्षेत्रफळ १९.६ चौरस इंच. २५ पीएसआयला एक बलून सुमारे ४९० पौंड, म्हणजे २२२ किलो उचलतो, दोघं मिळून ४४४. आमचे पाटे ७४० किलोला ८२ मिमी बसले, म्हणजे मिलिमीटरला ९ किलो. तेव्हा २५ पीएसआयला गाडी साधारण ४९ मिमी वर यायला हवी. प्रत्यक्षात बघू. बलून दाबला की त्याचं क्षेत्रफळ बदलतं, त्यामुळे हा हिशेब अंदाजापुरताच.

१ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. शटर अर्धं खाली, गाडी आत.

किटबरोबरची खालची ब्रॅकेट आमच्या यू-बोल्टवर (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे बोल्ट) बसत नाही, हे बघताक्षणी कळलं. किट परदेशी पिकअपच्या मापाचं. नुसती ग्राइंडरने भोकं वाढवून बसवता आली असती, मेस्त्रींचा हात ग्राइंडरकडे गेलाही होता. नको म्हटलं. पुठ्ठ्याचा नमुना कापला, अ‍ॅक्सलवर धरला, परत कापला.

वर-खालच्या प्लेटा एका रेषेत याव्यात म्हणून चेसीच्या भोकातून ओळंबा सोडला. गवंड्याचा ओळंबा या कामाला लेझरपेक्षा बरा, तेलकट अंधाऱ्या जागेत निमूट लटकतो.

चेसीबद्दल दोन नियम भिंतीवर खडूने लिहून ठेवले : वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही, वेल्डिंग कुठेच नाही. चेसीची ताकद त्या पट्ट्यांत असते. वरची ब्रॅकेट उभ्या बाजूच्या कारखान्यातल्याच भोकांवर आणि एका क्लॅम्पवर घेतली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आमची लांबी-रुंदी, वजनाची मर्यादा, काहीच बदलत नाही. तरी सगळं काढून मूळ बंप स्टॉप तासाभरात परत लागतील, असंच काम करायचं.

३ मे

वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनवाल्या मामांकडे. ८ मिमी प्लेट, लेझरवर कापून प्रेसवर वाकवली. मामांनी पुठ्ठा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "काय रे, कोपऱ्यात गोलाई का नाही ठेवलीस? काटकोनातूनच तडा सुरू होतो." कोपऱ्यांना गोलाई दिली, वाकवलेल्या जागी आतून त्रिकोणी टेकू दिला. काळा रंग नको म्हणाले, झिंक करा, पावसात टिकेल. ऐकलं.

४ मे

बसवणी. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे, चेसीखाली घोड्या, मागचा अ‍ॅक्सल जॅकवर. गाडी घोड्यांवर आणि अ‍ॅक्सल जॅकवर असला की अ‍ॅक्सल हवा तसा वरखाली करून बघता येतो. हाच या दिवसाचा खरा भाग होता, नटबोल्ट काय, कोणीही आवळतं.

अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडला तेव्हा डाव्या ब्रॅकेटची कड ब्रेकच्या रबरी होजला बोटभरावर आली. चाकं जमिनीवर असताना हेच अंतर चांगलं तळहाताएवढं दिसत होतं. ब्रॅकेट उतरवली, कड घासून उतरती केली, होजची क्लिप एक भोक वर घेतली. मग अ‍ॅक्सल वर दाबून उलट तपासणी. बलून फुगल्यावर चहूबाजूंनी किमान अर्धा इंच मोकळी जागा पाहिजे. उजवीकडे हँडब्रेकची केबल त्या अर्ध्या इंचात येत होती, तिला वेगळी क्लिप.

सायलेन्सरचा पाइप उजव्या बलूनच्या बाजूने जातो. सहा इंचांपेक्षा कमी अंतर, म्हणून मध्ये पत्र्याची ढाल, बलूनला न टेकणारी. रबराला ऊन, पाऊस, चिखल चालतो, तापलेला पाइप चालत नाही.

ब्रॅकेटचे बोल्ट एम-१०, ८.८ ग्रेड, नायलॉक नट, टॉर्क रेंचवर ४५ न्यूटन-मीटर. यू-बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला, तिरपे एकाआड एक. मेस्त्री रेंचच्या 'टक'ला हसतात. "आमचा दंडच टॉर्क रेंच."

हवेच्या नळ्या दोन वेगळ्या, दोन वेगळे व्हॉल्व्ह, नंबर प्लेटच्या दोन बाजूंना. टी (दोन्ही नळ्या जोडणारा तीन तोंडांचा सांधा) लावून एकच व्हॉल्व्ह ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात, भरायला सोपं म्हणून. पण टी असली की वळणावर दाबल्या जाणाऱ्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी झुकते. शिवाय आमचा पंपसेट कधीच बरोबर मधोमध बसत नाही. वेगळ्या नळ्या असल्या की जड बाजूला दोन पीएसआय जास्त देता येतात.

नळी ब्लेडने, काटकोनात कापायची. फिटिंगमध्ये ती टेकेपर्यंत दाबायची आणि मग मागे ओढून बघायची, हलता कामा नये. चेसीच्या भोकातून जाते तिथे रबरी बुश.

५ मे

काल रात्री दोन्हीकडे ६० पीएसआय ठेवून गेलो होतो. सकाळी उजवीकडे ६० च्या आसपास, डावीकडे ४१. साबणाचं पाणी मारलं, डाव्या फिटिंगपाशी फेस. नळी काढून बघितली तर टोक तिरकं : एका पोराने घाईत पकडीने तोडली होती. परत ब्लेडने कापली, बसली.

गेजची एक गंमत इथेच कळली. टायरमध्ये हवेचा साठा मोठा, गेज लावला तर फरक पडत नाही. बलूनमध्ये हवा थोडीशीच असते. गेजची नळी भरायलाच तीन-चार पीएसआय जातात. गळती नसताना दर तासाला "बघू किती आहे" करत बसलो तर संध्याकाळपर्यंत आपणच गळती होतो. म्हणून आता आधी टेपने उंची बघायची, शंका आली तरच गेज.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनेही तेच उलट दिशेने होतं. बोट लागलं की क्षणात ५०. सायकलचा पायाने धरायचा, काटा असलेला पंप या कामाला सर्वात चांगला निघाला. आठ-दहा दट्ट्यांत काम होतं आणि काटा हळू चढतो. तो आता सीटमागे असतो.

११ मे

तोच ७१० किलो माल, पंपसेट पुढे सरकवलेला. मागची उंची :

५ पीएसआय : ४५८
१५ पीएसआय : ४७८
२५ पीएसआय : ४९७
३५ पीएसआय : ५१४

रिकामी, ५ पीएसआय : ५२६.

हिशेब जवळजवळ जुळला, वरच्या टोकाला थोडा कमी पडला. तिथे बलून ताणला जातो आणि क्षेत्रफळ घटतं.

आता मुद्दा आला कुठे थांबायचं याचा. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, पस्तीस ठेवू, अगदी रिकाम्या गाडीसारखी दिसते." तीच तर अडचण. मागच्या अ‍ॅक्सलवरून चेसीवरच्या एका व्हॉल्व्हला दांडी जाते, तिला एलएसपीव्ही म्हणतात. माल भरला, चेसी खाली आली, की दांडी फिरते आणि तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. रिकाम्या गाडीत तो दाब कमी ठेवतो, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. त्या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, फक्त उंची कळते. बलूनने गाडी रिकाम्याएवढी वर उचलली की व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि पावणेतीन टनांच्या गाडीला मागून रिकाम्या गाडीएवढाच ब्रेक मिळतो. बलूनच्या जाहिरातीत हे कुठेही लिहिलेलं नसतं.

तुर्भ्याच्या ब्रेकवाल्या काकांना गाडी दाखवली. त्यांनी दांडी हाताने हलवून बघितली, मॅन्युअलमधलं माप विचारलं, गेज लावून दोन्ही उंचीला मागचा दाब बघितला. फरक स्पष्ट होता. दांडीची सेटिंग बदलावी का, विचारलं. म्हणाले, "बदलली तर रिकामी असताना पावसात मागून सरकेल. हात लावू नका, हवा कमी ठेवा."

तेव्हा ठरलं : भरलेल्या गाडीला २५ पीएसआय. रिकाम्यापेक्षा वीस-पंचवीस मिमी खालीच राहू दे. दिसायला थोडी बसलेली दिसते, दिसू दे. हेडलाइट परत शटरवर बघितले, बीमची कड आता रिकाम्या गाडीपेक्षा जेमतेम सात सेंटिमीटर वर. हेडलाइट थोडे खाली वळवून उरलेलं घेतलं.

१४ मे

पुन्हा काट्यावर, मुद्दाम. आधी ५ पीएसआय, मग तिथेच पंपाने २५. दोन्ही वेळा पुढे १,०००, मागे १,७३०. काटेवाला विचारत होता, गाडी तीच, माल तोच, मग दोन पावत्या कशाला?

दोन्ही पावत्या फाइलला लावल्या. मेस्त्रींना हाच कागद दाखवायचा होता. बलून भरल्याने अ‍ॅक्सलवरचा भार एक किलोनेही हलला नाही. टायर, बेअरिंग, ब्रेक, हाउसिंग यांना आधीही १,७३० होते, आताही १,७३०. बदललं ते एवढंच की त्यातला काही भार पाट्यांच्या दोन टोकांऐवजी मधल्या ब्रॅकेटमधून अ‍ॅक्सलला जातो. त्यामुळे चेसीला अ‍ॅक्सलच्या बरोबर वर एक नवा टेकू मिळाला, आणि फाळक्याशी जड माल ठेवून खड्ड्यात आपटलं तर चेसी त्याच टेकूवर वाकू बघणार. पंपसेट पुढे सरकवण्याचा नियम आता सोयीचा राहिला नाही, सक्तीचा झाला.

२७ मे

काल मुंबईत मान्सून दाखल. हवामान खात्याच्या १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणतात. आमची पावसाआधीची तपासणी राहूनच गेली.

घोडबंदरला फायर पंप पोचवून रिकामी गाडी परत. मानपाडा ते कापूरबावडी खड्डे आणि मेट्रोचे बॅरिकेड. ड्रायव्हरने हवा सोडली नव्हती, २५ वरच रिकामा आला. "दादा, मागून बैलगाडी झाली होती." बरं झालं, मी सांगण्यापेक्षा त्याच्या कमरेने सांगितलं.

१५ जून

गाडी धुऊन खाली शिरलो. उजव्या बलूनच्या दोन घड्यांमधल्या खाचेत खडी आणि चिखल गच्च. रबरावर नुसते ओरखडे, रबराच्या आतला दोरा कुठे दिसत नाही. काडीने काढून पाण्याने धुतलं, डिझेल-ग्रीस अजिबात नाही. खालच्या ब्रॅकेटला चाकाच्या बाजूने जुन्या मडफ्लॅपचा तुकडा लावला, खडी तिथेच अडेल. यू-बोल्ट टॉर्कवर तपासले, डावीकडचे दोन थोडे फिरले. पाटे आणि नवी प्लेट एकमेकांत बसली की एवढं होतंच. ब्रॅकेटचे बोल्ट जागेवर. चेसीवर ब्रॅकेटच्या कडेने रंगाला तडा आहे का, टॉर्च लावून बघितलं, नाही.

६ जुलै

आषाढी. काम बंद, मेस्त्री मात्र आले. त्यांच्या भाच्याचा टेम्पो कळंबोलीत लोखंड वाहतो आणि मागून फार बसतो, बंप स्टॉप फुटले. बलूनच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग द्या म्हणाले, मामांकडून तशीच करून घेतो.

"भरलेल्या गाडीची काट्याची पावती घेऊन या, आरसी घेऊन या. मग देतो."

"पावतीचं काय करायचं, शेठ? माल तर जास्तच असणार."

मग बलून नको, म्हटलं. पाटाही वाढवायला नको. चहा घेतला, विषय पंढरपूरवर गेला.

आमच्या गाडीचं : डॅशबोर्डवर कागद चिकटवला आहे, भरलेली २५, रिकामी ८. पाच ऐवजी आठ, कारण गेज लावताना तीन जातात. बोल्टची पुढची टॉर्क तपासणी ऑइल बदलताना.